न उघडलेले पाकीट

मे महिना होता. शाळांना सुट्टी लागली होती. मुंबईचे चाकरमानी गावाकडे निघाले होते. जयगडच्या एका घरीही पाहुणे आले. भाचा, त्याची बायको आणि दोन मुले.

घरात आत्या एकट्याच. वय सत्तरीच्या पुढे. त्यांचे यजमान नौदलात खलाशी होते. नोकरी संपली, पेन्शन सुरू झाली, तेव्हा गावी येऊन त्यांनी हापूसची चार कलमे लावली. तीन वर्षांमागे ते वारले.

जयगडला शास्त्री नदी समुद्राला मिळते. खाडीच्या तोंडावर किल्ला आहे. तो एके काळी कान्होजी आंग्र्यांच्या ताब्यात होता. १८१८ साली इंग्रजांनी घेतला. म्हणजे समुद्रावरची चाकरी इथल्या माणसाला नवी नाही.

संध्याकाळी सगळी किनाऱ्यावर गेली. मुलांनी वाळूत किल्ला केला. आत्या खडकावर बसून पाहत होत्या. धाकटी नात जवळ आली. शाळेत ७ डिसेंबरला तिने ध्वजदिनाचे छोटे झेंडे वाटून पैसे जमवले होते. हा दिवस १९४९ सालापासून पाळतात. ते पैसे जखमी जवान, माजी सैनिक आणि त्यांच्या मागे राहिलेली माणसे यांच्यासाठी असतात. बाईंनी हे वर्गात सांगितले होते. ते पोरीच्या ध्यानात होते.

ती म्हणाली, “आजी, आजोबा नौदलात होते ना? मग तुला थँक्यू.”

आत्या हसल्या. “मला गं कशाला? मी काय बोटीवर गेले होते?”

मग थोड्या वेळाने आपणहून बोलू लागल्या.

“एकाहत्तरची लढाई लागली तेव्हा माझं लग्न होऊन वर्ष झालं होतं. हे कुठल्या बोटीवर, बोट कुठं, काही ठाऊक नाही. शेजारी रेडिओ होता. त्याच्यावर कळलं, खुकरी बुडाली.”

ही गोष्ट खरी आहे. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानी पाणबुडीने ‘खुकरी’ ही आपली युद्धनौका बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत. दीवला या सर्वांचे स्मारक आहे.

“मग एक दिवस पोस्टमन कार्ड देऊन गेला,” आत्या म्हणाल्या. “मला वाचता कुठं येतंय? दिवसभर पदरात बांधून फिरले. कोणाला दाखवलंच नाही. वाचलं नाही तोवर ते जिवंत आहेत, असं वाटायचं. रात्री सासऱ्यांनी मास्तरांकडे नेलं. ‘मी सुखरूप आहे’, एवढंच लिहिलं होतं. तेव्हापासून बाय, कागदाची मला भीतीच बसली.”

भाच्याने हे ऐकले. तो काही बोलला नाही. पण रात्री जेवताना त्याच्या ध्यानात आले की घरात तेल मोजून वापरले जाते आहे. दुधाचा रतीबही बंद आहे. त्याने सरळ विचारले, “आत्या, पेन्शन येते ना वेळेवर?”

आत्या गप्प. मग उठल्या. ट्रंकेतून एक लांब पाकीट आणून त्याच्या पुढ्यात ठेवले. ते फोडलेलेही नव्हते.

पाकिटात काय होते? पेन्शन घेणाऱ्याने वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. बहुतेकांना तो नोव्हेंबरात द्यावा लागतो. माणूस हयात आहे, एवढेच त्यातून कळते. दाखला गेला नाही तर पेन्शन थांबते. आत्यांना आदल्या वर्षी शेजारचा मुलगा घेऊन गेला होता. यंदा तो नोकरीला पुण्यास गेला. पाकीट आले, ट्रंकेत पडले. पाच महिने पैसे नाहीत, आणि बाईंनी कोणाला सांगितले नाही. सांगायचे तरी कसे? मानी माणूस.

भाच्याची बायको म्हणाली, “आत्या, आम्हांला एक फोन करायचा होता!”

“तुमची सुट्टीची चार दिवसांची मजा. त्यात माझं रडगाणं कशाला?”

दुसऱ्या दिवशी गणपतीपुळ्याला जायचे ठरले होते. मुले नटून बसली होती. पण आधी गाडी सेवा केंद्रावर गेली. तिथल्या मुलाने आत्यांचे बोट यंत्रावर टेकवले. ठसा उमटेना. जन्मभर मासे निवडून, भांडी घासून बोटे झिजली होती. डाव्या हाताचे बोट, उजव्या हाताचे बोट, काही उपयोग नाही. तेव्हा त्याने मोबाइल समोर धरला. आता चेहऱ्यावरूनही ओळख पटते. “आजी, जरा डोळे मिचकवा,” तो म्हणाला. आत्यांनी डोळे मिचकावले आणि काम झाले. दाखला पोचला की थांबलेली पेन्शन पुन्हा सुरू होते. मागची थकलेली रक्कमही मिळते. काही अडलेच, तर रत्नागिरीला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवा यांची कामे पाहण्यासाठीच ते आहे. भाच्याने तिथला फोन नंबर भिंतीवर मोठ्या आकड्यांत लिहून ठेवला. आकडे आत्यांना येत होते.

गणपतीपुळ्याला पोचायला दुपार झाली. वाळू तापली होती. मुलांनी कुरकुर केली, मग उसाचा रस प्यायली.

परत आल्यावर आत्यांनी नातीला हाक मारली. भिंतीवरचे कॅलेंडर खाली काढले.

“यातलं नोव्हेंबरचं पान कुठलं गं?”

नातीने पान काढून दाखवले. आत्यांनी पेन्सिल घेतली. पोरीने हात धरला. पानावर वाकडातिकडा ‘नो’ उमटला. आत्यांनी तो लांब धरून पाहिला आणि म्हणाल्या, “आता पुढचं काढ.”