*आजचा सल्ला: जांभूळ, कोकम आणि अँटीऑक्सिडंट*



परवा आपल्या एका सभासद काकांचा फोन आला. "मॅडम, जांभळाच्या बियांची पावडर सुरू केलीय. त्यात अँटीऑक्सिडंट असतात म्हणे. आता शुगरची गोळी बंद करू का?" मी सांगितलं, काका, गोळी अजिबात बंद करू नका. हाच प्रश्न आणखी कोणाच्या घरात असेल, म्हणून हा मेसेज. थोडा मोठा आहे, पण शेवटपर्यंत वाचा.

*अँटीऑक्सिडंट म्हणजे काय?*
ओला विळा गंजतो, चिरलेलं वांगं काळं पडतं. दोन्हीकडे काम ऑक्सिजनचं. शरीरातही अन्नापासून ऊर्जा बनताना 'फ्री रॅडिकल' नावाचे कण तयार होतात. विडी, तंबाखू, धूर यांनी ते वाढतात आणि पेशींना इजा करतात. त्यांना शांत करणारे पदार्थ म्हणजे अँटीऑक्सिडंट.
▪ जांभूळ, कोकम: जांभळा-लाल रंग, अँथोसायनिन
▪ टोमॅटो: लायकोपीन
▪ माठ, शेवग्याचा पाला, लाल भोपळा: बीटा कॅरोटीन
▪ आवळा, पेरू: क जीवनसत्त्व

*मग रोग टळतो का?*
रोज भाजी-फळं खाणाऱ्यांत हृदयविकार आणि काही प्रकारचे कर्करोग कमी दिसतात. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला किमान ४०० ग्रॅम भाजी-फळं खायला सांगते. पण तोच पदार्थ गोळीत भरला की तोच फायदा मिळेल, असं नाही. फिनलंडमध्ये २९,१३३ सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर मोठी चाचणी झाली. १९९४ साली निकाल आला: बीटा कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के *जास्त* निघाला. अमेरिकेतली तशीच चाचणी १९९६ मध्ये मध्येच थांबवावी लागली. म्हणून ताटातली भाजी खा, जाहिरातीतल्या गोळीच्या मागे लागू नका. आणि विडी-तंबाखू चालू ठेवून फळांवर भरवसा ठेवू नका.

*घरात काय करायचं?*
१. भाजी आधी धुवा, मग चिरा. कमी पाण्यात, झाकण ठेवून शिजवा. उकडलेलं पाणी फेकू नका, आमटीत घाला.
२. माठ, भोपळा, टोमॅटो तेलाच्या फोडणीत करा. त्यातले रंग तेलाबरोबरच अंगी लागतात.
३. आवळा, पेरू कच्चेच खा. क जीवनसत्त्व उष्णतेने जातं.
४. कोकम सरबतात साखर भरपूर असते, आगळात मीठ. शुगर किंवा बीपी असेल तर बेताने.

*मालासाठी काय करायचं?*
न्हावा शेवा बंदराकडे आपल्याच रस्त्यावरून द्राक्ष-डाळिंबाचे थंड कंटेनर जातात. आपल्याकडे तसा कंटेनर नाही, पण पहाटेची वेळ आणि सावली आहे.
▪ पालेभाजी पहाटे काढा, ओल्या गोणपाटाखाली ठेवा, त्याच दिवशी विका.
▪ शेवग्याचा पाला सावलीत वाळवा, हवाबंद डब्यात अंधारात ठेवा.
▪ रतांबे पूर्ण लाल झाल्यावर, पहिल्या पावसाआधी उतरवा. फुटलेले वेगळे काढा.

*लेबलवर काय लिहायचं?*
आपल्या सरबताच्या लेबलच्या पहिल्या मसुद्यात "कर्करोग रोखते" असं मीच लिहिलं होतं. छापायच्या आधी चूक लक्षात आली, म्हणून वाचलो. अन्न सुरक्षा कायदा २००६ च्या कलम ५३ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत दंड आहे. शुगर, बीपी, कर्करोग बरा होतो असं लेबलवर, स्टेटसवर, स्टॉलच्या बोर्डवर कुठेही लिहू नका. "आपल्या शेतातलं कोकम, रंग न घातलेलं" एवढं खरं लिहा. गिऱ्हाईक त्यालाच परत येतं.

काकांना एकच सांगितलं: जांभूळ हंगामात आवडीने खा, पावडर घेत असाल तर डॉक्टरांना सांगा, गोळी त्यांना विचारल्याशिवाय सोडू नका. घरातल्या मोठ्या माणसांना हा मेसेज वाचून दाखवा.

रतांबे द्यायचे असतील तर खाली रिप्लायमध्ये *गावाचं नाव आणि अंदाजे किलो* लिहा.

– तुमची कृषी सल्लागार