जांभा, गिलावा आणि एक छोटं चर्च

गोवा ट्रिप म्हटलं की बीच! पण जुन्या गोव्यात मोंते सांतो टेकडीवर 'अवर लेडी ऑफ द रोझरी' हे छोटं चर्च आहे. निदान सिव्हिलवाल्यांनी तरी ते चुकवू नये.

१५१० साली आल्बुकर्कने याच टेकडीवरून लढाईवर नजर ठेवली, असे सांगतात. चर्च १५४० च्या दशकातले. समोरून बघितलं तर किल्लाच वाटतो. गोल बुरूज, जाड भिंती, खिडक्या कमी आणि उंचावर. बाहेरून दगडात कोरलेले दोरखंड दिसतात. ही मॅन्युएलाईन शैली. दर्यावर्दी लोक, म्हणून नक्षीतही जहाजाचे दोर! आत गव्हर्नर गार्सिया द सा यांच्या पत्नी कातारिना यांची कबर आहे. तिच्यावरचे कोरीवकाम मात्र गुजराती धाटणीचे. म्हणजे चर्च पोर्तुगीज, पण कला आपल्याकडची.

आता टेक्निकल मुद्दा. बांधकाम जांभ्याचे आहे. जांभा खाणीत मऊ असतो, हवा लागली की कडक होतो, पण राहतो सच्छिद्रच. आपल्या भुईकोटाच्या काळ्या दगडासारखा तो उघड्यावर टिकत नाही आणि गोव्याचा पाऊस तर माहीतच आहे. म्हणून वरून चुन्याचा गिलावा. टेकडीखालच्या बॉम जेझूस बॅसिलिकेचा गिलावा १९५० च्या दशकात काढून टाकला. आज तिथला उघडा जांभा पावसाने झिजतोय.

गिलावा म्हणजे नुसता मेकअप, असं मला वाटायचं. लॅबमधली वॉटर ॲब्सॉर्प्शन टेस्टसुद्धा मी जर्नल पूर्ण करण्यापुरतीच केली होती. ती कशासाठी असते, ते त्या टेकडीवर कळलं.