लेखणीने केलेले धर्मरक्षण

इ. स. १८०च्या सुमारास लियाँचा बिशप आयरेनियस याने पाखंडी मतांच्या खंडनार्थ पाच भागांचा ग्रंथ लिहिला. वास्तव्य गॉल देशात असूनही तो लिहिला आपल्या ग्रीक भाषेतच. १५७९ मध्ये गोव्यास आलेला इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स बिशप नव्हता. परंतु धर्मरक्षणाची चिंता त्यालाही होती, आणि तिच्यासाठी त्याने लोकांची भाषा पत्करली. नवख्रिस्ती लोकांची जुनी पुराणे सुटली होती. त्यांच्या जागी वाचावे, ऐकावे असे काहीच नव्हते. केवळ मनाईने श्रद्धा दृढ होत नाही, हे ओळखून त्याने मराठी ओवीत ‘क्रिस्तपुराण’ रचले. १६१६ मध्ये ते रायतूर येथे छापले गेले. मात्र देवनागरी खिळ्यांअभावी रोमन लिपीत. १६८४च्या पोर्तुगीज हुकुमाने स्थानिक भाषेवरच बंदी आली. जुन्या छापील प्रती नामशेष झाल्या. परंतु हस्तलिखिते उरली आणि त्यांवरून १९०७ मध्ये मंगळूरला ग्रंथ पुन्हा छापला गेला. आयरेनियसचा मूळ ग्रीक ग्रंथही समग्र उरला नाही. लॅटिन भाषांतराने तो राखला. ग्रंथ धर्माचे रक्षण करतो खरा. पण ग्रंथाचे रक्षण वाचकाची भाषाच करते.