सेक्रेटरीपद स्वीकारलेल्या भाच्यास

सिकंदराबाद



सिकंदराबादेतील फ्लॅटधारकांची असोसिएशन आणि पुण्यातील गृहनिर्माण सोसायटी दिसायला सारख्या असल्या तरी त्यांची कुळे वेगळी आहेत, आणि पद्मारावनगरच्या इमारतीचे सेक्रेटरीपद स्वीकारताना चिरंजीव भाच्याने हा फरक आधी ध्यानात घ्यावा. महाराष्ट्रात 1960च्या सहकारी संस्था कायद्याखाली नोंदलेल्या सोसायटीच्या नावे जमीन आणि इमारत व्हावी अशी कायद्याची अपेक्षा असते, सभासदाच्या हाती शेअर सर्टिफिकेट असते आणि थकबाकीदाराविरुद्ध निबंधकाकडून वसुलीचा दाखला मिळवता येतो. तेलंगणात मात्र एकत्रित आंध्र प्रदेशाच्या काळातला 1987चा अपार्टमेंट कायदा चालत आला आहे; त्यानुसार प्रत्येक जण आपल्या फ्लॅटचा स्वतंत्र मालक असतो आणि जमीन, जिना, लिफ्ट, गच्ची यांत त्याचा अविभाज्य हिस्सा, म्हणजे फ्लॅटपासून तोडून वेगळा विकता न येणारा वाटा, असतो. (महाराष्ट्रातही 1970च्या अपार्टमेंट कायद्याखालील इमारती आहेत आणि इकडचा प्रकार त्यांच्या जवळचा, पण पुण्याहून येणाऱ्याच्या डोक्यात सोसायटीच बसलेली असते.) असोसिएशन त्यामुळे इमारतीची मालक होत नाही, ती सामाईक वस्तूंची राखणदार असते.

या राखणदाराची नोंदणी बहुधा दोन कायद्यांपैकी एकाखाली झालेली असते: 2001चा संस्था नोंदणी कायदा, ज्याला किमान सात सभासद पुरतात, किंवा 1995चा परस्पर साहाय्यक सहकारी संस्थांचा कायदा. कोणत्या कायद्याखाली आपली नोंदणी आहे हे ठाऊक नसलेले सेक्रेटरी या शहरात कमी नाहीत, आणि त्याचा त्रास बँकेत सह्या बदलण्याच्या दिवशी कळतो. 2001च्या कायद्याखालील असोसिएशनने वार्षिक सर्वसाधारण सभेनंतर नव्या कार्यकारिणीची यादी रजिस्ट्रारकडे दाखल करायची असते. काही वर्षे ती गेली नाही, तर निवडून आलेला सेक्रेटरी कागदावर सेक्रेटरी नसतोच. अशा असोसिएशनला मेंटेनन्स न भरणाऱ्याविरुद्ध अखेरीस दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी लागते, आणि दरमहा दोन-तीन हजारांसाठी ती कोणी चढत नाही. थकबाकीदाराचे पाणी तोडावे असा ठराव संतापाच्या भरात काही सभांत होतो, परंतु तो कायद्यापुढे टिकणे अवघड असते आणि त्याने जिन्यातले बोलणे-चालणे कायमचे बंद होते. मग सेक्रेटरीच्या हाती उरतो तो हिशेब: दर महिन्याची जमा, खर्च आणि थकबाकी लिफ्टशेजारच्या फळ्यावर लावली जात असेल, तर टाळाटाळ करणाऱ्याचे ‘पैसे जातात कुठे?’ हे हुकमी कारण हिरावले जाते.

हिशेबाची खरी कसोटी पाण्यावर लागते. शहराच्या बऱ्याच भागांत नळाचे पाणी एक दिवसाआड, तेही तास-दोन तास येते. ते आधी संपात, म्हणजे जमिनीखालच्या टाकीत (हा शब्द ऐकून पुण्याचा माणूस प्रथम चपापतो), उतरते आणि तिथून मोटरीने गच्चीवरच्या टाकीत चढते. खाली ग्रॅनाइटचा खडक असल्याने बोअरला पाणी लागते ते त्याच्या भेगांपुरते, आणि एप्रिल-मेमध्ये बोअर आटली की टँकर मागवावा लागतो. इमारतीला वॉटर बोर्डाची जोडणी एकच आणि बिलही एकच असते. जानेवारी 2021पासून प्रत्येक घराला महिन्याला 20,000 लिटर पाणी मोफत देण्याची योजना आली, तेव्हा तिचा लाभ अपार्टमेंटमध्ये फ्लॅटगणिक मोजला गेला, मात्र मीटर चालू असला पाहिजे आणि प्रत्येक फ्लॅटधारकाने आपला आधार क्रमांक इमारतीच्या ग्राहक क्रमांकाशी जोडलेला पाहिजे, अशा अटी पडल्या. वीस फ्लॅटपैकी चौदांनीच आधारची जोडणी केली, तर उरलेल्या सहांच्या वाट्याचे बिल सामाईक खात्यावर येऊन पडते, आणि ते वीस जणांत वाटावे की त्या सहांवरच बसवावे हा प्रश्न सेक्रेटरीपुढे उभा राहतो. ते बिल सहांवरच बसवणे न्याय्य आहे. पण त्याआधी त्या सहांच्या दारी जाऊन, त्यांपैकी जो वृद्ध आहे त्याला फोन हाती घेऊन जोडणी करून देणे हेही सेक्रेटरीचेच काम आहे. इमारत ‘कारखाना’ नावाच्या भागात किंवा तिरुमलगिरीकडे छावणी मंडळाच्या हद्दीत असती, तर पाणी, घरपट्टी आणि बांधकामाची परवानगी यांसाठी महापालिकेऐवजी त्या मंडळाचे दार ठोठावावे लागले असते. सिकंदराबादेत रस्ता ओलांडला की कचेरी बदलते.

खर्चाची वाटणी दर फ्लॅटमागे सारखी असावी की क्षेत्रफळावर, हा वाद कधी मिटत नाही. वॉचमन, लिफ्ट, जिन्यातले दिवे यांचा लाभ घराच्या आकाराने वाढत नाही, तेव्हा हा खर्च सारखा वाटावा. रंगकाम, गच्चीची गळती यांसारखा इमारतीच्या देहाचा खर्च हिश्श्याच्या प्रमाणात घ्यावा. पहिल्या मजल्यावरचा रहिवासी लिफ्टचे पैसे देणार नाही म्हणेल, त्याच्याशी वाद न घालता पोटनियम, म्हणजे असोसिएशनने स्वतःपुरती केलेली नियमावली, उघडून दाखवावी. कॉर्पस फंड, म्हणजे सुरुवातीला एकदाच घेतलेली ठेव, महिन्याची तूट भरण्यास वापरू नये. लिफ्टची मोटर जळते त्या दिवसासाठी तो असतो.

फ्लॅटचा मालक डॅलसला किंवा न्यू जर्सीला आणि भाडेकरू इथे, ही हैदराबाद-सिकंदराबादची नित्याची स्थिती आहे. मत मालकाला असते, परंतु पाणी भाडेकरूला हवे असते आणि मेंटेनन्सही पुष्कळदा तोच भरतो. म्हणून त्याला सभेत बसू द्यावे, बोलू द्यावे, आणि नोटीस तेलुगू व इंग्रजी दोन्हींत लावावी. मराठी घरे चार असली तरी असोसिएशनचे काम मराठीत चालवण्याचा मोह टाळावा. वॉचमन बहुधा एखाद्या गावाहून बायको-मुलांसह आलेला असतो, पार्किंगशेजारच्या एका खोलीत राहतो आणि दिवसरात्र कामावर असल्याचे धरले जाते. त्याची बायको जिना झाडते ते पगारात धरलेले असते की फुकट, हे नव्या सेक्रेटरीने पहिल्याच महिन्यात तपासावे. या बाबतीत भल्याभल्या इमारतींचा कारभार लाजिरवाणा आहे.

इमारतीच्या फाटकाबाहेर एकटी असोसिएशन फारसे काही करू शकत नाही. शहराच्या ईशान्येकडील वसाहतींतून सिकंदराबादेत येणारे छावणीतले रस्ते लष्कराने बंद केले, तेव्हा तो प्रश्न ‘फेडरेशन ऑफ नॉर्थ ईस्टर्न कॉलनीज ऑफ सिकंदराबाद’ या वसाहतींच्या महासंघाने धरून ठेवला, आणि मे 2018मध्ये संरक्षण मंत्रालयाने देशभरच्या छावण्यांतील बंद रस्ते खुले करण्याचा आदेश दिला. त्या एका आदेशाने सगळी फाटके उघडली असे मात्र नाही. पाठपुरावा पुढेही करावा लागला.

मावळत्या सेक्रेटरीकडून पदभार घेताना नोंदणीपत्र, पोटनियमांची प्रत, इतिवृत्ताची वही, बँकेचे पासबुक, लिफ्टचा देखभाल करार आणि पाण्याचा ग्राहक क्रमांक सही देऊन ताब्यात घ्यावा. नळाच्या वाल्वची किल्ली मात्र कागदांत सापडणार नाही; ती वॉचमनच्या खोलीत दाराआड खिळ्याला लटकलेली असते, आणि पाणी कोणत्या दिवशी किती वाजता येते हेही त्यालाच पाठ असते.