वार्धक्य आणि शास्त्र

आजीला सुईंत दोरा ओंवतां येईनासा होतो, आजोबांना जिना चढतांना कठड्याचा आधार लागतो. आणि “वयच झालें, त्याला इलाज नाहीं,” असें म्हणून आपण गप्प बसतों. परंतु वार्धक्याचा वेग कमी करतां येईल काय, याचा शोध शास्त्रज्ञ अनेक वर्षें करीत आहेत. त्याचें मर्म वाचकांपुढें थोडक्यांत मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

इ. स. १९३५ मध्यें अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठांतील क्लाइव्ह मॅके व त्यांचे सहकारी यांनीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. जीवनसत्त्वें व क्षार पुरेसे देऊन, पण एकंदर अन्न कमी ठेवून वाढविलेले उंदीर पोटभर खाणाऱ्या उंदरांहून अधिक जगले. १९९३ मध्यें सिंथिया केन्यन यांनीं दाखविलें कीं, एकाच जनुकांत फरक असलेले विशिष्ट जातीचे सूक्ष्म कृमि इतरांच्या दुपटीहून अधिक काळ जगतात. पुढें २००९ मध्यें, ईस्टर बेटावरील मातींत सांपडलेल्या जंतूपासून मिळालेलें रॅपामायसिन हें औषध ६०० दिवसांच्या, म्हणजे उतारवयाच्या उंदरांना दिलें असतां त्यांचेंही आयुष्य वाढलें. यावरून वार्धक्याचा वेग अढळ नाहीं, हें सिद्ध झालें.

यांत मनुष्याचा लाभ कोणता? हृद्रोग, कर्करोग, स्मृतिभ्रंश, मोतीबिंदू हे विकार भिन्न असले तरी वय वाढतें तसे ते सर्वच बळावतात. एक बरा करावा तों दुसरा उभा राहतो. घर दहा ठिकाणीं गळूं लागल्यावर प्रत्येक गळतीखालीं भांडें ठेवीत बसण्यापेक्षां पावसापूर्वींच कौलें शाकारणें शहाणपणाचें नव्हे काय? वार्धक्य मंदावलें तर हे सारे विकार एकदमच लांबणीवर पडतील. अंथरुणावरचीं वर्षें वाढविणें हा या संशोधनाचा हेतु नसून, हातीं पायीं धड असलेलीं वर्षें वाढविणें हा आहे. ययातीनें आपलें तारुण्य टिकविण्यासाठीं पुत्राचें तारुण्य मागून घेतलें. शास्त्र कोणाचेंच मागत नाहीं.

तथापि एक इशारा देणें आम्हांस अवश्य वाटतें. प्राण्यांत जें घडलें तें मनुष्यांतही घडतें, असें अद्याप सिद्ध झालेलें नाहीं. म्हणून चिरतारुण्याच्या जाहिरातींस पालकांनीं भुलूं नये. विद्यार्थ्यांनींही जेवण तोडूं नये. मॅके यांच्या उंदरांची वाढ खुंटली होती, हें ध्यानांत ठेवावें.

जीवशास्त्राचा अभ्यास मन लावून करणाऱ्या मुलामुलींस या कार्यांत पुष्कळ वाव आहे. तोंपर्यंत आजीच्या सुईंत दोरा ओंवून देणें, हें काम मात्र आपलेंच आहे.