आयटीआयचं नाव काढलं की घर गप्प होतं

दहावीचा निकाल लागला की फोन सुरू होतात आणि प्रश्न एकच असतो: "सर, पुढे कॉम्प्युटरला नंबर नाही लागला तर?" अकरावी सायन्स, सीईटी, कॅप राउंड, शेवटी मॅनेजमेंट कोटा. ही वाट तुम्हाला माझ्याहून पाठ आहे. गणित मनापासून आवडणाऱ्याने खुशाल जावं.

परवा डोंबिवलीचं एक कुटुंब आलं होतं. मुलगा घरातला पंखा, मिक्सर, जे दिसेल ते उघडून बसणारा. मी म्हटलं, आयटीआयला रेफ्रिजरेशन अँड एअर कंडिशनिंग घ्या, दोन वर्षांचा ट्रेड. आई खाली बघू लागली. बाबा म्हणाले, "नातेवाइकांना काय सांगू?" याच बाबांनी मे महिन्यात एसी मेकॅनिकची आठ दिवस वाट पाहिली होती!

लोअर परळ, मुलुंड इथे सरकारी आयटीआय आहेत. फीचा तर प्रश्नच नको. खरी गंमत पुढे आहे. १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात. २०१९च्या दुरुस्तीने आयटीआय झालेल्याचं किमान विद्यावेतन महिना ७,००० रुपये ठरलं. केंद्राची अप्रेंटिसशिप योजना विद्यावेतनाचा पाव हिस्सा, १,५०० रुपयांपर्यंत, स्वतः उचलते. म्हणजे तुमच्या पोराला शिकवायला दुसरे पैसे मोजायला तयार आहेत, आणि तुम्ही 'शंभर टक्के प्लेसमेंट'ची पाटी बघून कर्ज काढताय.

७,०००त मुंबईत भागत नाही, कबूल. घरून डबा नेणाऱ्याचं निभतं. बीडहून आलेल्याचे ते पैसे कॉटभाड्यातच जातात. शहराला कारागीर हवेत तर त्यांच्या राहण्याचा खर्चही शहराने उचलायला हवा. उड्डाणपुलांना पैसे सापडतात.

आणि आयटीआय म्हणजे दारं बंद, हे कोणी सांगितलं? दोन वर्षांच्या ट्रेडनंतर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. माझगाव डॉक, रेल्वेची माटुंगा वर्कशॉप अप्रेंटिस घेतात. मुलींनाही घेतात, हे वेगळं सांगावं लागतं.

एक मात्र सांभाळा. काही मालक अप्रेंटिसला झाडू मारायला आणि चहा आणायला ठेवतात. पहिल्याच दिवशी विचारा: करार सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदवलाय का, शिकवणार कोण? "बघू नंतर" असं उत्तर आलं, की चपला घालून निघा.