ढिगाऱ्यातले दगड

वाचन : नहेम्या, अध्याय 4

यरुशलेमेचा तट 52 दिवसांत उभा राहिला; पण मध्येच ओझेकरी ढिगाऱ्यापुढे खचले होते. जळके दगड पुन्हा कामाला येतील काय, म्हणून सन्बल्लट हसला. नहेम्या थांबला नाही.

धारणीकडे मी कोरकू भावांना घर मोडताना पाहतो. आधी कवेलू उतरतात, मग सागाची लाकडे. तीच पुढच्या घराला लागतात.

आपणही जुनी खोली पाडताना अख्ख्या विटा खरवडून रचू, तुकडे जोत्यात भरू, लोखंड भंगारात विकू. जुने सिमेंटचे पत्रे मात्र फोडू नका. ॲस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसांना घातक असते. मलबा नाल्यात लोटला, तर पावसाचे पाणी खालच्या वस्तीत शिरेल. शेजाऱ्याचे घर बुडवून बांधलेली भिंत प्रभूला कशी अर्पावी?